इराण्याची खुर्ची

विरारहून मुंबईपर्यंत उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला, कुणाच्या कपाळावर आठी न पडता टेकायला मिळालेली खुर्ची केवढी मोलाची असते, हे वसईकरांना सांगायला नको. आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच एका खुर्चीविषयी : मुंबईच्या इराणी हॉटेलातील खुर्चीविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द व केरमान या भागांतून झरथुष्ट्री माणसे दारिद्र्याला आणि जाचाला कंटाळून मुंबईस आली. पारशी मंडळी त्यांच्या कित्येक शतके आधीच येथे स्थिरावली होती. या नव्या माणसांजवळ भांडवल थोडे, कष्टांची तयारी मात्र मोठी. त्यांनी चहाची दुकाने काढली. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. ते कसेही असो. कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड मिळतो, हे त्यांनी ओळखले. धोबीतलावावरचे कयानी १९०४ सालचे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे. आणि बशीत काय, तर ब्रून-मस्का व चहा! थाट क्लबाचा, दर कारकुनाच्या खिशाचा.

याचे महत्त्व समजायला त्या काळची इतर हॉटेले आठवावी लागतात. अनेक ठिकाणी जात पाहून जागा मिळे. ज्यांना अस्पृश्य म्हटले त्यांचा कप वेगळा, दाराबाहेरचा. आपल्या घटनेच्या १५व्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे. इराण्याकडे सहसा चहाचे पैसे विचारीत, जात विचारीत नसत.

गोदी कामगारांच्या कामानिमित्त आमचे जाणे बॅलार्ड इस्टेटीत होई. तेथे १९२३ साली रशीद कोहिनूर यांनी ‘ब्रिटानिया’ सुरू केले. आरंभीचे गिऱ्हाईक गोरे अधिकारी, जेवणही विलायती. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्कराकडे गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास परत मिळाली. तेथला प्रसिद्ध बेरी पुलाव मात्र १९८२चा. बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन यांनी तो आणला. त्यात इराणची झरेश्क नावाची आंबट, लाल, बारीक फळे घालतात. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या चुली थंडावल्या. एका शहरात दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. बोमनशेठ नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन विचारपूस करीत. २०१९ साली, ९७व्या वर्षी ते वारले. भिंतींचा रंग उडालेला असूनही माणसे तेथे का जात, याचे अर्धे उत्तर त्या विचारपुशीत आहे.

उरलेले अर्धे आमच्या अनुभवातले. आमच्या संघटनेची पहिली बैठक एका इराण्याकडेच झाली. माणसे पाच, चहा दोन, वेळ दीड तास. ‘फार वेळ बसू नये’ अशी पाटी डोक्यावरच होती. पण उठवले कुणी नाही. मळक्या कपड्यांतला आमचा एक सोबती संगमरवरावर हात ठेवताना आधी तो सदऱ्याला पुसत होता. तासाभराने त्याच हाताने टेबलावर मूठ आपटून तो बोलू लागला. देखण्या जागी बसायचा आपल्यालाही हक्क आहे, हे त्याला भाषणाने कळले नव्हते, खुर्चीने कळले.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. आम्ही काही हॉटेलांत पोऱ्यांना रात्री त्याच टेबलांवर झोपताना पाहिले आहे. गिऱ्हाइकाला मान आणि वेटरला ना सुट्टी ना ठरलेला पगार, असे असेल तर तो थाट अपुराच.

एके काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि कोपऱ्याच्या जागेची किंमत चहाच्या गल्ल्यातून निघेना. त्यांच्यासाठी नुसते हळहळून काय होणार? आपल्या वसई-विरारात स्टेशनाबाहेर उभ्याने चहा पाजणारे पुष्कळ आहेत; बसू देणारे थोडे. यापुढे कुणी नवे हॉटेल काढले, तर आपण दोन प्रश्न जरूर विचारावेत : येथे कमी पैशांत कितीसा वेळ बसता येते? आणि चहा आणून देणाऱ्याला दिवसातून केव्हा बसायला मिळते?