मोटारसायकलचा ओला क्लच आणि इंजिन ऑइल

इंजिनाच्या तेलात भिजत राहून काम करणाऱ्या क्लचला ओला क्लच म्हणतात. भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक सर्व फोर-स्ट्रोक, गिअरच्या मोटारसायकलींमध्ये याच प्रकारचा क्लच असतो. तेलाचे नेहमीचे काम घर्षण कमी करण्याचे, तर क्लचचे सारे काम घर्षणावरच चालते. या दोन परस्परविरोधी गरजा एकाच तेलाने भागवायच्या असल्यामुळे मोटारसायकलसाठी इंजिन ऑइल निवडताना केवळ त्याचा दाटपणा पाहून भागत नाही. अयोग्य तेल वापरल्यास क्लच घसरू लागतो, म्हणजे इंजिन फिरते पण त्याची शक्ती चाकापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही.

रचना

ओल्या क्लचमध्ये एकाआड एक रचलेल्या दोन प्रकारच्या चकत्या असतात. एका प्रकारच्या चकत्यांवर बूच किंवा कागदी तंतूंपासून बनवलेले घर्षणद्रव्य चिकटवलेले असते. यांनाच गॅरेजमध्ये 'क्लच प्लेट' म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या चकत्या साध्या पोलादाच्या असतात. घर्षणाच्या चकत्या इंजिनाकडून फिरणाऱ्या बाहेरील भांड्यात, तर पोलादी चकत्या गिअरपेटीकडे जाणाऱ्या आतील हबवर बसवलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबाने हा थर घट्ट आवळला गेला की सर्व चकत्या एकत्र फिरतात. चालकाने डाव्या हाताने लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि इंजिन चाकापासून वेगळे होते.

असा क्लच किती पीळ (टॉर्क) वाहू शकेल, हे चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगांचा दाब, घर्षण-पृष्ठांची संख्या, चकत्यांची सरासरी त्रिज्या आणि घर्षणगुणांक. पहिल्या तीन गोष्टी कारखान्यात निश्चित झालेल्या असतात. चौथी मात्र गाडीच्या मालकाच्या हातात असते, कारण तेलात भिजलेल्या चकत्यांचा घर्षणगुणांक त्या तेलात कोणती द्रव्ये मिसळली आहेत यावर बराच अवलंबून असतो.

एक तेल, तीन कामे

मोटारीत इंजिनाचे तेल इंजिनापुरतेच असते. गिअरपेटीचे तेल वेगळे, आणि हाताने गिअर बदलण्याच्या मोटारींचा क्लच सहसा कोरडाच असतो. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच व गिअर हे तिन्ही भाग एकाच कवचात असतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर तेल या तिन्ही भागांना पुरते. गिअरच्या दातांमध्ये हेच तेल सतत चिरडले जाते. त्यामुळे त्यातील दाटपणा टिकवणारे दीर्घ रेणू तुटत जातात व तेल लवकर पातळ होते.

याला अपवाद आहेत. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरपेटी व क्लचचा कप्पा यांत वेगवेगळे वंगण घालावे लागे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि क्लच गिअरपेटीच्या तेलात फिरे. या गाड्यांवर हात बसलेल्या पिढीला इंजिनाच्या तेलाचा क्लचशी संबंध सहसा लक्षात येत नसे, आणि ते स्वाभाविकच होते.

क्लच घसरण्यामागील कारण

इंधनबचतीसाठी मोटारीच्या काही तेलांत घर्षण घटवणारी पूरक द्रव्ये मिसळतात. मॉलिब्डेनमची सेंद्रिय संयुगे हे त्याचे परिचित उदाहरण. काही पूरकांच्या रेणूंचे एक टोक धातूला चिकटते आणि उरलेला भाग पृष्ठभागावर निसरडा थर तयार करतो, तर मॉलिब्डेनमच्या संयुगांपासून घर्षणाच्या जागी निसरडा पापुद्रा तयार होतो. पिस्टन व सिलिंडरच्या दृष्टीने हे हितकारक ठरते. क्लचच्या चकत्यांवर मात्र असाच थर बसला की स्प्रिंगांचा दाब पुरेसा असूनही चकत्या एकमेकींवरून सरकू लागतात. सरकण्यातून उष्णता निर्माण होते, घर्षणद्रव्य करपून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड आणखी घटते.

मोटारींसाठी इंधन वाचवणारी तेले प्रचारात आल्यावर मोटारसायकलींसाठी वेगळ्या मानकाची गरज भासू लागली. त्यातून जपानमधील वाहन-मानक संघटनेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी टी ९०३ हे मानक आणले. यात प्रत्यक्ष क्लचच्या चकत्यांवर चाचणी घेऊन तेलाचे घर्षण तीन निर्देशांकांनी मोजतात : चकत्या सरकत असतानाचे घर्षण, त्या जखडल्यावर पुन्हा सुटू लागतानाचे घर्षण आणि फिरता भाग थांबण्यास लागणारा वेळ. मानकात फॉस्फरसचे प्रमाणही ०.०८ ते ०.१२ टक्के असावे असे बंधन आहे. फॉस्फरस हा झीज रोखणाऱ्या संयुगाचा घटक आहे. मोटारींच्या नव्या तेलांत धुरांड्यातील उत्प्रेरकाच्या रक्षणासाठी तो कमी करण्यात आला, परंतु मोटारसायकलच्या गिअरना त्याची गरज असते.

डब्यावरील खुणांचे वाचन

तेलाच्या डब्यावर सामान्यतः तीन स्वतंत्र खुणा आढळतात आणि त्यांची गल्लत फार होते.

१०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० हे आकडे तेलाचा दाटपणा (विष्यंदिता) दाखवतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतील व नंतरचा तापलेल्या इंजिनातील वागणूक सांगतो. भारतातील मोटारसायकलींत हे दोन्ही दर्जे वापरात आहेत आणि आपल्या गाडीला कोणता हवा, हे तिच्या मार्गदर्शिकेत दिलेले असते. क्लचच्या पकडीविषयी या आकड्यांतून काहीही कळत नाही.

एसएल, एसएन, एसपी ही अक्षरे अमेरिकेतील एपीआय या संस्थेची असून ती पेट्रोल इंजिनाच्या रक्षणाचा दर्जा सांगतात. नंतरचे अक्षर नव्या दर्जाचे, म्हणून ते मोटारसायकललाही अधिक चांगले असेल, असा समज होणे साहजिक आहे. पण क्लचच्या बाबतीत तो फसवा ठरतो. एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या कमानीत 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे लिहिलेले असेल आणि डब्यावर जासोचा एमए दर्जा नसेल, तर ते तेल ओल्या क्लचसाठी टाळावे.

क्लचच्या दृष्टीने खरी महत्त्वाची खूण जासोची होय. 'एमए' असे लिहिलेले तेल ओल्या क्लचसाठी पुरेसे घर्षण देते. २००६ च्या सुधारणेत त्याचे 'एमए१' व 'एमए२' असे पोटभाग झाले. तिन्ही निर्देशांक वरच्या पट्ट्यात येत असतील तर तेल एमए२, तिन्ही खालच्या पट्ट्यात असतील तर एमए१, आणि ते विखुरलेले असतील तर नुसते एमए. 'एमबी' तेलाचे घर्षण कमी असते. ते पट्ट्यावर चालणाऱ्या, कोरडा क्लच असलेल्या स्वयंचलित स्कूटरींसाठी योग्य असून तेथे ते इंधन वाचवते. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असल्यास स्कूटरच्या डब्यातील उरलेले एमबी तेल मोटारसायकलमध्ये ओतण्याचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा. जासोची खूण ही उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर नोंदवलेली ग्वाही असते. त्यामुळे डबा विश्वासू दुकानातून व सीलबंद घेणे श्रेयस्कर.

प्रचलित गैरसमज

सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, ही समजूत गॅरेजमध्ये अजूनही ऐकू येते. तेल खनिज आहे की कृत्रिम, यावर क्लच घसरणे अवलंबून नसते. ते पूरक द्रव्यांवर अवलंबून असते. एमए२ दर्जाची पूर्ण सिंथेटिक तेले बाजारात आहेत आणि ओल्या क्लचमध्ये ती व्यवस्थित चालतात. याउलट, घर्षण घटवणारी द्रव्ये असलेले साधे तेल क्लचला बाधू शकते.

दाट तेल घातल्याने घसरणारा क्लच सुधारतो, हाही असाच एक समज. त्याने झिजलेल्या चकत्यांना पकड येत नाही. उलट थंड इंजिनात चकत्या एकमेकींना चिकटून गाडी लिव्हर दाबलेला असतानाही पुढे ओढू लागते. मोटारीचे प्रत्येक तेल मोटारसायकलचा क्लच बिघडवतेच असेही नाही. अनेक दाट तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये नसतात. परंतु डब्यावर तसा दाखला नसल्याने ते तेल वापरून पाहणे म्हणजे क्लचच्या किमतीवर केलेला प्रयोग ठरतो.

लक्षणे व निदान

क्लच घसरत असल्यास वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळताच इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो आणि कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात, मागे माणूस बसलेला असताना उघड होतो. ट्रकला ओलांडण्यासाठी घेतलेला वेग ऐन वेळी न मिळणे धोक्याचे असते, म्हणून या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये. जळका वास व घटलेले मायलेज ही सोबतची चिन्हे होत.

तरीही दोष लगेच तेलाला देणे योग्य नाही. आधी क्लचच्या वायरीची ढील तपासावी. अनेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल अपेक्षित असते. वायर ताणलेली असेल तर स्प्रिंगांचा पूर्ण दाब चकत्यांवर पडतच नाही, आणि दोन मिनिटांत मिटणाऱ्या दोषासाठी मालक नव्या क्लच प्लेटचे पैसे मोजून येतो. ढील बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर तो कधीपासून घसरू लागला हे आठवावे. तेल बदलल्यापासून थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला असल्यास संशय तेलावर जातो. हजारो किलोमीटरांत हळूहळू वाढला असल्यास चकत्यांची झीज किंवा सैल पडलेल्या स्प्रिंगा हे अधिक संभाव्य कारण असते.

चुकीचे तेल पडले असल्यास

गाडी फारशी चालवली नसेल तर इंजिन कोमट असताना तेल पूर्ण काढून, फिल्टर असल्यास तोही बदलून एमए किंवा एमए२ दर्जाचे तेल भरावे. कवचाच्या कोपऱ्यांत व चकत्यांच्या खाचांत जुने तेल थोडे उरतेच, त्यामुळे काही शे किलोमीटरांनंतर आणखी एकदा तेल बदलावे लागू शकते. चकत्या करपलेल्या नसतील तर पकड बहुधा परत येते. घर्षणद्रव्य काळे पडून गुळगुळीत झाले असेल किंवा पोलादी चकत्या उष्णतेने निळसर पडून वाकल्या असतील, तर त्या बदलण्यावाचून इलाज नसतो. नव्या घर्षण-चकत्या कोरड्या बसवू नयेत. त्या बसवण्यापूर्वी गाडीत जे तेल भरायचे, त्याच तेलात काही तास बुडवून ठेवतात.