रिळाचे अस्तर

पतंगाची फिरकी तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. फिरकी भरताना आधी साधा दोरा म्हणजे सद्दी गुंडाळतात आणि मांजा वर, पतंगाच्या बाजूला ठेवतात. असे का बरे? मांजा महाग असतो आणि त्याचे काम पतंगाजवळच असते. फिरकीच्या पोटात तो भरून काय उपयोग? तिथे साधा दोराच पुरतो.

गळाने मासे पकडणाऱ्या लोकांनाही हीच युक्ती वापरावी लागते. पण त्यांच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशांचा नसतो. ही युक्ती ठाऊक नसेल, तर हाती आलेला मासा निघून जातो. माझ्याच बाबतीत एकदा असे घडले.

माझे मामू रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी राहतात. एका सुट्टीत मी नवी काठी, नवे रीळ आणि नवा महागडा दोरा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोरा रिळावर मीच गुंडाळला होता. संध्याकाळी भरती येत असताना आम्ही खडकावर उभे राहिलो. थोड्याच वेळात काठी एकदम वाकली. बहुधा मोठी तांबोशी होती. मी रिळाची मूठ फिरवू लागलो, पण दोरा काही आत येईना. ब्रेक आवळला, तरी मासा दोरा ओढतच होता. पाहतो तर काय! रिळाची चकती जागच्या जागी होती आणि तिच्यावरचा सगळा दोरा गरगर फिरत होता. पुढच्याच क्षणी मासा गेला.

"मामू, रीळ खराब निघाले!" मी म्हणालो.

मामूंनी रीळ हातात घेऊन पाहिले. "रीळ चांगले आहे रे," ते म्हणाले. "तू अस्तर लावले नाहीस."

अस्तर हा शब्द तुम्हाला उर्दूतूनही माहीत आहे. शेरवानीला आतून अस्तर असते. ते कोणाला दिसत नाही, पण त्यामुळे शेरवानी अंगावर नीट बसते. रिळालाही तसेच अस्तर लागते. ते कसे, हे आता पाहू.

रिळाच्या ज्या भागावर दोरा गुंडाळतात त्याला स्पूल म्हणतात. पूर्वीपासून वापरात असलेला दोरा नायलॉनचा. कोकणात त्याला तंगूस म्हणतात. नायलॉन प्रथम १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झाले. नायलॉनचा दोरा जाड असतो, म्हणून त्याच्यासाठी स्पूल खोल बनवतात.

दुसरा दोरा म्हणजे ब्रेड. हा ब्रेड म्हणजे पाव नव्हे! या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेणी असा आहे. चार किंवा आठ बारीक धाग्यांची घट्ट वेणी घालून हा दोरा बनतो. आपल्या प्लास्टिकच्या पिशव्या ज्या पॉलिएथिलीनच्या असतात, त्याच जातीच्या पदार्थाचे, पण फार लांब रेणूंचे हे धागे असतात. वजनाच्या मानाने ते पोलादाहून मजबूत असतात. म्हणून ब्रेड बारीक असूनही जाड तंगुसाइतका भार सहन करतो.

मात्र या दोऱ्याचे दोन गुण स्पूलवर दोष ठरतात. एक तर तो फार गुळगुळीत असतो. दुसरे म्हणजे तो जवळजवळ ताणला जात नाही. तंगूस ओढून गुंडाळला की तो थोडा ताणला जातो आणि मग आकसून स्पूलला घट्ट धरतो. ब्रेडला हे जमत नाही. गुळगुळीत धातूवर तो सगळाच्या सगळा घसरतो. माझ्या रिळाचे हेच झाले होते.

आणखी एक अडचण आहे. बारीक दोऱ्याने खोल स्पूल भरत नाही. दोरा तळाशी राहिला, तर गळ फेकताना तो स्पूलच्या काठावर घासतो आणि गळ दूर जात नाही. शिवाय मुठीच्या एका फेऱ्यात दोराही कमी येतो. समजा, मुठीच्या एका फेऱ्यात दोऱ्याचे पाच वेढे बसतात. भरलेल्या स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे ७० सेंटिमीटर दोरा येतो. व्यास ३५ मिलिमीटरच असेल, तर फक्त ५५ सेंटिमीटर येतो.

मग सगळे स्पूल ब्रेडनेच का भरू नये? कारण तो महाग असतो आणि किनाऱ्यावरून आपला गळ फार तर ६०-७० मीटर जातो. मासा पळाला तरी १५० मीटर दोरा सहसा पुरतो. त्याखालचा दोरा वर्षानुवर्षे पाण्याचे तोंडही पाहत नाही. म्हणून तळाशी स्वस्त तंगूस भरावा आणि त्यावर ब्रेड गुंडाळावा. हेच रिळाचे अस्तर होय.

अस्तर किती भरावे? इथे तुमचे गणित कामाला येते. दोरा किती जागा व्यापतो, हे त्याची लांबी आणि व्यासाचा वर्ग यांच्या गुणाकारावरून कळते. समजा, रिळावर लिहिले आहे : ०.३५ मिलिमीटर, २०० मीटर.

स्पूलची एकूण जागा : २०० × ०.३५ × ०.३५ = २४.५
०.२० मिलिमीटरचा १५० मीटर ब्रेड : १५० × ०.२० × ०.२० = ६
उरलेली जागा : २४.५ − ६ = १८.५
०.३५ मिलिमीटरचा तंगूस : १८.५ ÷ (०.३५ × ०.३५) = सुमारे १५१ मीटर

म्हणजे १५० मीटर ब्रेडने स्पूलची एक चतुर्थांश जागाही भरत नाही! तीन चतुर्थांश जागा अस्तराची आहे. हा हिशेब अंदाजाचा आहे, कारण ब्रेड दाबला गेला की चपटा होतो.

मामूंची रीत हिशेबाशिवायची आहे. त्यांच्याकडे तशाच मापाचे एक जादा स्पूल आहे. त्यावर ते आधी ब्रेड गुंडाळतात. मग त्याला तंगूस जोडून स्पूल भरेपर्यंत गुंडाळतात आणि तंगूस कापतात. नंतर तो सगळा दोरा दुसऱ्या स्पूलवर घेतात. आता तंगूस आपोआप तळाशी जातो, ब्रेड वर येतो आणि स्पूल बरोबर भरते.

दोरा भरताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. प्रथम रिळाची तारेची कडी उघडा आणि मगच स्पूलवर गाठ मारा. कडी बंद ठेवून गाठ मारली, तर मूठ फिरवूनही दोरा गुंडाळला जात नाही.

२. दोरा ओल्या फडक्यात धरून ताणून गुंडाळा. सैल गुंडाळलेल्या दोऱ्यात वरचा दोरा रुततो आणि गळ फेकताना अडकतो.

३. दोन्ही दोरे जोडताना त्यांची टोके समोरासमोरून एकमेकांवर आणा. प्रत्येक टोकाची सरकती गाठ दुसऱ्या दोऱ्यावर मारा. तंगुसाला चार-पाच वेढे द्या. ब्रेड घसरतो, म्हणून त्याला सात-आठ द्या. गाठी ओल्या करून हळूहळू ओढा, म्हणजे त्या एकमेकींना येऊन भिडतील.

४. स्पूलच्या काठाखाली सुमारे दोन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरले, तर अनेक वेढे एकदम सुटतात आणि गुंता होतो.

बारीक ब्रेडसाठी उथळ स्पूलची रिळेही मिळतात. त्यांना इतके अस्तर लागत नाही. तळाशी तंगुसाचे थोडे वेढे किंवा चिकटपट्टीचा एक फेरा दिला की काम भागते.

आणखी एक सांगायचे आहे. गळ खडकात अडकला, तर ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. तो सुरीसारखा बोट कापतो. लाकडाला गुंडाळून ओढा. उरलेले तुकडे किनाऱ्यावर टाकू नका. नायलॉन आणि पॉलिएथिलीन लवकर कुजत नाहीत आणि पक्ष्यांचे पाय त्यांत अडकतात. अशाच कारणांमुळे नायलॉनच्या मांजावर २०१७ साली देशभर बंदी आली.

त्या संध्याकाळी मामूंनी माझे रीळ सोडवून पुन्हा भरले. तळाशी घालायला त्यांनी आपला जुना तंगूस दिला. "मामू, नव्या रिळावर जुना दोरा?" मी विचारले. ते हसून म्हणाले, "अरे, तो पाण्यात जाणारच नाही. त्याने फक्त नव्याला धरून ठेवायचे आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच खडकावर गेलो. तांबोशी काही मिळाली नाही. एक लहानसा मासा मात्र लागला, आणि मूठ फिरवताच दोरा सरळ आत आला.

शब्दार्थ
अस्तर – कपड्याच्या आतल्या बाजूचे कापड
आकसणे – आखडणे, लहान होणे
रुतणे – आत घुसून अडकणे
उथळ – खोल नसलेला
काठोकाठ – अगदी काठापर्यंत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोकणात नायलॉनच्या दोऱ्याला काय म्हणतात?
(आ) ब्रेड या इंग्रजी शब्दाचा येथे कोणता अर्थ आहे?
२. कारणे लिहा.
(अ) गुळगुळीत स्पूलवर ब्रेड घसरतो.
(आ) स्पूल काठोकाठ भरू नये.
३. वरील उदाहरणात अस्तरासाठी ०.३० मिलिमीटरचा तंगूस वापरला, तर तो सुमारे किती मीटर लागेल?
४. 'अस्तर'प्रमाणे मराठीत आणि उर्दूत एकाच अर्थाने वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.