विरजणातले पाहुणे

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी दही तयार. ही करामत लॅक्टिक आम्ल बनविणाऱ्या जिवाणूंची. ते पोटातील घातक जिवाणूंना हुसकावतील, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास मांडली. प्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले ते यांनाच.

पण मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आधीच ठाण मांडून असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. भरलेल्या एस.टी.त नव्या उतारूला जागा कोण देणार? दह्यातले जिवाणू बहुधा पाहुण्यासारखे येतात नि जातात.

नवजात बाळाची गाडी मात्र जवळजवळ रिकामी असते. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर बाळांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सात दिवस एका लॅक्टोबॅसिलसची मात्रा दिली, सोबत त्या जिवाणूचे खाद्य म्हणून एक शर्करा. इतरांना नुसती तशीच दिसणारी पूड. रक्तात जंतुसंसर्ग पसरणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा ९, तर पहिल्या गटात ५.४ होते. विशेष म्हणजे फुप्फुसांचे संसर्गही घटले. जिवाणू आतड्यात, लाभ छातीत! आतड्याच्या अस्तरात प्रतिकारपेशींची मोठी छावणी असते. तेथे जिवाणूंशी ओळख झालेल्या पेशी रक्तावाटे शरीरभर फिरतात. कारण बहुधा हेच असावे.

मग सर्वांनीच अशा गोळ्या घ्याव्यात? इस्राएलमधील २०१८ चा एक प्रयोग पाहा. माणसे थोडीच होती. प्रतिजैविकांनंतर ज्यांनी काहीच घेतले नाही, त्यांचे मूळचे जिवाणू सुमारे तीन आठवड्यांत परतले. अकरा जातींच्या जिवाणूंच्या गोळ्या घेणाऱ्यांचे मात्र कित्येक महिने परतले नाहीत. जागा नव्या उतारूंनी अडवली होती!