जुना बिनतारी संच आणि वेगवान संगणक

मोटारीत बसविण्याच्या मोटोरोला जीएम ३०० किंवा मॅक्सट्रॅक या जातीच्या जुन्या बिनतारी संचात नव्या वारंवारता दाखल करू पाहणाऱ्याला, तारा नीट जोडूनही, संगणकाच्या पडद्यावर संपर्क होत नसल्याचाच शेरा पुनःपुन्हा दिसू लागला, की संच निकामी झाला असे अनुमान करण्याची घाई होते, आणि माझ्या मते ती बहुधा अन्यायाची असते. दोष पुष्कळदा संगणकाच्या वेगात दडलेला असतो. त्या काळची डॉस प्रणालीवरील आज्ञावली दोन संकेतांमधील अवकाश निरर्थक आवर्तने मोजून राखीत असे. ३८६ किंवा ४८६ जातीच्या जुन्या संगणकाच्या मंद गतीवर जो अवकाश यथायोग्य पडे, तोच आजच्या शीघ्र संगणकावर इतका आक्रसतो, की संचाला उत्तर देण्यास उसंतच उरत नाही. अशा कामी अडगळीतला जुना संगणकच उपयोगी पडतो.

दुसरे कारण विद्युद्दाबाचे. संगणकाच्या आरएस-२३२ जोडणीतून उणे व अधिक ३ ते १५ व्होल्टांचे संकेत येतात, संचाला मात्र शून्य व ५ व्होल्ट एवढेच उमजतात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या पेटीचा वीजपुरवठा प्रथम तपासावा. मायक्रोफोनच्या खोबणीत, जेथे ही तार जोडतात, टोकांवर चढलेले हिरवट किटणही निगुतीने पुसावे.

वाचकांना एकच आग्रहाची विनंती: मूळ नोंदी वाचून त्यांची नक्कल सुरक्षित ठेवल्यावाचून, आणि परवान्यातील वारंवारता पडताळल्यावाचून, संचात काहीही लिहू नका; आणि लेखन चालू असता वीज खंडित होऊ देऊ नका.