गेमिंग कॉम्प्युटर : आधी पाया, मग हौस

ईदीचे साठवलेले पैसे आणि अब्बांची थोडी भर, एवढ्यातच मुलांना गेमिंग कॉम्प्युटर हवा असतो. दुकानदाराने स्वस्तातला जुना 'आय सेव्हन' पुढे केला, की आम्ही आधी त्याची पिढी विचारतो. 2012 साली आलेल्या तिसऱ्या पिढीवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही.

त्यापेक्षा रायझन 5 5600जी बरा. त्यात ग्राफिक्स आतच असल्याने हलके गेम वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. हे ग्राफिक्स रॅमच वापरते, म्हणून 16 जीबीची एक स्टिक न घेता 8-8 जीबीच्या दोन घ्याव्यात. एसएसडी हवीच. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचा, पुढे कार्डालाही पुरेल असा घ्यावा. तिथे काटकसर केली तर बाकीचे भागही जळू शकतात.

कार्ड सावकाश बसवता येते. तोवर अभ्यासही याच मशीनवर होईल आणि घरखर्चाला हात लागणार नाही.