जुन्या गाडीचं तडकलेलं स्टिअरिंग: दुरुस्ती, दर आणि नकार



अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं. प्रीमिअर पद्मिनी त्याच्याही आधी थांबली आणि २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींमधूनही गेली. पण शौकीन लोकांनी या गाड्या अजून जपून ठेवल्यात. त्यांना मूळ स्टिअरिंग बदलायचं नसतं, दुरुस्त करून हवं असतं. गॅरेज किंवा पेंटिंगचं छोटं दुकान टाकणाऱ्यासाठी हे चांगलं जोडकाम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, या वस्तूवर गिऱ्हाइकाचा जीव असतो. म्हणून आधी तपासणी, मग भाव.

तडा का जातो?

या स्टिअरिंगच्या आत पोलादी सांगाडा असतो आणि वरून कडक प्लॅस्टिकचं आवरण. उन्हात दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. वर्षानुवर्षं प्लॅस्टिक आकसत जातं, पोलाद मात्र आकसत नाही. मग आवरण फाटतं, बहुतेक वेळा दांडी जिथे गोल कड्याला मिळते तिथेच. ताकद सांगाड्यात असते, त्यामुळे नुसतं आवरण तडकलं असेल तर काम घ्यायला हरकत नाही.

नकार कधी द्यायचा?

- सांगाडा वाकलाय, त्याला चीर आहे किंवा गंजाने तो बारीक झालाय
- मधल्या भोकातले दाते झिजलेत
- स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे

यात तडजोड नाही. सांगाड्याला वेल्डिंग मारून द्या, असं गिऱ्हाईक म्हणालं तरी नाही म्हणायचं. गेलेलं गिऱ्हाईक परवडतं, अपघात नाही.

काम कसं करायचं?

१. बॅटरीची वायर काढा. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग आणि शाफ्टवर जुळणीची खूण करा. पुलर लावून काढा, हातोडी नको.

२. तडा कानशीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा, चांगलं प्लॅस्टिक लागेपर्यंत रुंद करा. तोंडावर मास्क हवाच. सांगाडा दिसला की गंज घासून काढा आणि पुन्हा तपासा.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताचा तेलकटपणा राहिला तर भरलेलं निघून येतं.

४. एम-सीलसारखं इपॉक्सी, दोन्ही भाग सारखे घेऊन मळा आणि थोडं वर येईल इतकं दाबून भरा. पत्र्यावर लावायची बॉडी पुट्टी इथे नको, ती पुन्हा तडकते. २४ तास हात लावू नका.

५. ८०, मग १८०, मग ४०० नंबरच्या पेपरने घासून आकार द्या. नंतर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट. टू-के क्लिअरची वाफ साध्या मास्कने अडत नाही, हा भाग बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या.

६. खुणेवर खूण जुळवून बसवा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. हॉर्न तपासा, गाडी स्वतः चालवून बघा, मगच चावी द्या.

दर कसा काढायचा?

इथेच नवीन लोक फसतात. इपॉक्सी स्वस्त म्हणून कामही स्वस्तात देतात. पण खरा खर्च वेळेचा आहे. समजा, तुमचे ६ तास गेले आणि तासाला २०० रुपये धरले, तर १,२०० झाले. सामान आणि पेंटर ५००, भाडं-वीज ३००. एकूण २,०००. त्यावर २५ टक्के नफा धरला की २,५०० रुपये. तुमच्या गावचे आकडे घालून हाच हिशोब करा.

काम घेताना फोटो काढा आणि पावतीवर लिहा: 'आवरणाची दुरुस्ती. सांगाडा खराब निघाल्यास काम थांबवले जाईल.' गिऱ्हाइकाची सही घ्या. तपासणीचे पैसे वेगळे सांगा, म्हणजे नकार दिला तरी तुमची मेहनत फुकट जात नाही.

पहिलं काम गिऱ्हाइकाच्या स्टिअरिंगवर करू नका. भंगारवाल्याकडून दोन तुटकी स्टिअरिंग आणा, त्यावर हात बसवा. तेच तुमचे आधी-नंतरचे फोटो होतील, आणि तीच पहिली जाहिरात!