'गॉड सेव्ह द किंग'च्या चालीवर श्यामला

रविवारचा राहुकाळ म्हणजे दुपारी साडेचार ते सहा. आपण ज्या वेळात नवं काम काढत नाही, नेमकी त्याच वेळेला कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरममध्ये, नागनाथस्वामींच्या देवळात, राहूपुढे रांग लागते. अभिषेकाचं दूध मूर्तीवरून ओघळताना निळं होतं, अशी भाविकांची श्रद्धा. या राहूवर कर्नाटक संगीतात एक रचना आहे, 'स्मराम्यहं सदा राहुम्'. नवग्रहांच्या कोणत्याही कॅसेटवर किंवा सीडीवर ती मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या नावावर असते. ती त्यांची असेल याची मात्र जाणकारांना खात्री नाही.

दीक्षितर (1775-1835) स्वतः शब्द लिहीत, चाल बांधत, गात आणि वीणाही वाजवत. जन्म तिरुवारूरचा. त्यांच्या घराण्यातले सुब्बराम दीक्षितर यांनी 1904 साली एट्टयपुरमहून 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा तेलुगू लिपीतला ग्रंथ स्वरलिपीसह छापला. त्यात मुत्तुस्वामींच्या 229 कृती आहेत. ग्रहांवरच्या मात्र सातच, रवि ते शनि. राहू-केतू नाहीत. शिवाय त्या सात कृती सात वेगवेगळ्या तालांत बसवलेल्या आहेत, सूर्याला ध्रुव, चंद्राला मठ्य, असं करत शनीला एकताल. सात वार, सात ताल, हिशेब पुरा. आठव्याला जागा कुठे आहे? मला हा पुरावा कोणत्याही दंतकथेपेक्षा वजनदार वाटतो.

आता याच्या उलट गोष्ट. ऐकताक्षणी 'ही दीक्षितरांची असणं शक्यच नाही' असं वाटावं, अशी सुमारे चाळीस छोटी गाणी आहेत. ती मात्र त्यांचीच. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. दीक्षितरांचं कुटुंब मद्रासजवळच्या मणलीला राहत होतं, तेव्हाची ही हकिकत. आश्रयदाते मुदलियार हे कंपनीचे दुभाषी. त्यांच्यामुळे घरातल्या तरुण भावांची सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या बँडशी ओळख झाली. धाकटा भाऊ बालुस्वामी तिथल्याच एका युरोपियन वादकाकडे व्हायोलिन शिकला आणि पुढे ते वाद्य कर्नाटक मैफलीत कायमचं बसलं. थोरल्याने बँडच्या चाली उचलल्या आणि त्यांवर संस्कृत शब्द बसवले.

संगीत नाटकांच्या पदांच्या जुन्या पुस्तिका ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी लावणीचं नाव असायचंच. इथे त्या जागी 'गॉड सेव्ह द किंग' आहे. ज्या चालीवर गोरे शिपाई राजाला आयुष्य मागत, त्याच चालीवर 'संततं पाहि माम्' म्हणत दीक्षितर श्यामला देवीला साकडं घालतात. 'वंदे मीनाक्षी'ची चाल आयरिश, तर 'सुब्रह्मण्यम्'ची 'ब्रिटिश ग्रेनेडियर्स' या लष्करी कूचगीताची. सगळी गाणी शंकराभरणाच्या, म्हणजे आपल्या बिलावलच्या स्वरांतली, कारण युरोपियन मेजर स्केल तिथेच येऊन बसतं. गमकं जवळजवळ नाहीत. सूर सरळ, पायरीपायरीने. अक्षरं मात्र चालीच्या मात्रांत इतकी चपखल की कुठे ओढाताण म्हणून नाही.

कंपनीतले अधिकारी आणि तेलुगू कोशकार सी. पी. ब्राऊन यांच्या संग्रहातल्या हस्तलिखितात यातली काही गाणी दीक्षितरांच्या नावाने मिळतात आणि ते हस्तलिखित दीक्षितर हयात असतानाचं आहे. पुढे सुब्बराम दीक्षितरांनी 1905 च्या 'प्रथमाभ्यास पुस्तकमु'मध्ये ती छापली. मोठ्या ग्रंथात नव्हे, नवशिक्यांच्या पुस्तकात! थोरामोठ्यांची सुरुवातीची मोकळी कामगिरी अशीच वळचणीला जाते.

'सुरुवातीची' म्हणताना मात्र थोडं जपून. परंपरा सांगते, दीक्षितर काशीहून परतले, तिरुत्तणीला त्यांना स्कंदाचा प्रसाद मिळाला आणि तिथून 'गुरुगुह' ही त्यांची नाममुद्रा सुरू झाली. मणली हे काशीच्या आधीचं. मग 'संततं पाहि माम्'च्या शेवटी 'गुरुगुह' कसा? 'शक्तिसहितगणपतिम्'मध्येही तो आहेच. म्हणजे काही गाणी पोरवयातली, काही मागाहूनची असावीत, नाहीतर तिरुत्तणीच्या कथेलाच मुरड घालावी लागेल. माझा कल पहिल्या शक्यतेकडे. बँडची चाल एकदा कानात बसली की ती चाळिशीतही गुणगुणता येते.

ही सारी गाणी एका संचात ऐकायची तर अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे संगीतकार कन्निक्स कन्निकेश्वरन यांचा 'विस्मय' हा अल्बम शोधावा लागतो. आयरिश-स्कॉटिश वळणाची वाद्यं आणि तिकडेच वाढलेल्या भारतीय मुलांचे आवाज. आधी मूळ इंग्रजी चाल आणि लगोलग दीक्षितरांचे शब्द, अशी जोडीने ऐकावीत. राहूची कृती त्यात नाही, आणि ती शोधूही नये.